भरवून घेणारा कावळा

कावळा पाळावा असं कोणत्याही शहाण्या बाईच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. तो आमच्या घरी आला तो माझ्या नवऱ्याच्या करुणेमुळं.

दीक्षा घेऊन आम्हाला चारेक वर्षं झाली होती. हे अकोल्याला एका सरकारी कचेरीत कारकून होते. बावीस प्रतिज्ञा त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून, चौकट करून, खोलीतल्या भिंतीवर टांगल्या होत्या. सकाळी दाढी करताना ते त्यातली एक वाचत आणि दिवसभर तिच्याप्रमाणं वागायचा प्रयत्न करत. दारू ते आधीही पीत नव्हते. खोटं बोलायला लागणारी कल्पनाशक्ती त्यांच्याजवळ नव्हती. चोरी करावी तर कचेरीत टाचण्यांखेरीज काही नव्हतं. राहिली प्राणिमात्रांवरची दया. ती करायला काही मिळत नव्हतं, म्हणून ते थोडे बेचैन असत.

संक्रांतीच्या नंतरच्या आठवड्यात मिळालं. कचेरीच्या आवारातल्या कडुनिंबाला पतंगाचा मांजा लोंबत होता. त्यात एक कावळा गुंतला, त्याचा उजवा पंख कापला गेला, आणि सुटायच्या धडपडीत तो पत्र्यावर तोंडावर आपटला. चपराशी त्याला शेपटीला धरून कंपाउंडाबाहेर टाकायला निघाला होता. ह्यांनी तो मागून घेतला, डब्याच्या पिशवीत घातला आणि सायकलवरून घरी आणला.

"हे काय आणलं?" मी विचारलं.

"जीव हाये."

"जीव तर उंदरालेबी असते. हा राहीन कुठी?"

"आपल्यातच. बरा होईपर्यंत."

तो कधीच बरा झाला नाही. पंखाचं टोक सांध्यापासून गेलं होतं, त्यामुळं तो चालताना एका बाजूला कलायचा आणि वळताना पडायचा. वरची चोच अर्धी तुटली होती. खालची पुढं, वरची मागं. दाणा टिपायला गेला की खालची चोच जमिनीत रुतायची आणि दाणा तिथंच राहायचा. भरल्या ताटासमोर उपाशी मरेल असा तो कावळा होता.

ह्यांनी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, "बैल असता तर काही केलं असतं." मग रजिस्टर उघडलं. त्यात बैल, गाय, म्हैस, घोडा, शेळी आणि कोंबडी एवढेच रकाने होते. डॉक्टरनं थोडा विचार करून कोंबडीच्या रकान्यात 'काळी' असं लिहिलं, पंखाला जांभळं औषध लावलं आणि सांगितलं की जगला तर भरवावं लागेल, जन्मभर. हे घरी आले आणि मला म्हणाले, "भरवा लागते म्हणे." मग कचेरीत गेले. करुणेची आणि कामाची वाटणी त्या दिवशी झाली ती शेवटपर्यंत तशीच राहिली.

दिवसातून तीन वेळा मी त्याला भरवत असे. सकाळी, दुपारी आणि चार वाजता. भाकर तुरीच्या वरणात कुस्करायची, पाणी घालून मऊ करायची, शेंगदाण्याएवढी गोळी करायची आणि बोटानं थेट घशात सारायची. चोचीतच ठेवली तर ती पडायची आणि तो माझ्याकडे असा बघायचा की जणू मीच पाडली. चमचा त्याला चालत नसे. दुसऱ्याचं बोट चालत नसे. ह्यांनी एकदा प्रयत्न केला, तर त्यानं बोट धरून ठेवलं. दयेचं बोट आठ दिवस सुजलेलं होतं. पोट भरलं की मात्र तो चोच अशी मिटायचा की पाच माणसांनी उघडली नसती. रात्री त्याला टोपल्याखाली झाकायचं, टोपल्यावर पाटा ठेवायचा, कारण मांजर. सकाळी टोपल्याखालची जागा खरवडायची. त्यावेळी माझं पहिलं मूल व्हायचं होतं, आणि भेटायला येणाऱ्या बायका म्हणत, "चांगली सवय होऊन राहिली तुले." त्यांचा चेहरा बघून ती शुभेच्छा वाटत नसे.

आम्ही सरकारी क्वार्टरात राहत होतो. भाड्याचं घर शोधलं असतं तर घरमालकानं आधी गाव विचारलं असतं, मग आडनाव, आणि मग घर कालच दुसऱ्याला दिलं असं सांगितलं असतं. सरकारी यादीत फक्त पगार बघतात. म्हणून आमच्या भिंतीला भिंत लागून बडेबाबूंचं क्वार्टर आलं. बडेबाबू म्हणजे ह्यांच्याच कचेरीतले हेडक्लार्क. गावाकडे काळी जमीन, दारात दोन सायकली, आणि ह्यांच्या कामाबद्दलचा गोपनीय शेरा वर्षाच्या शेवटी लिहायचा तो त्यांनीच. त्यांची बायको वाईट नव्हती. ती माझ्याशी भिंतीवरून तासतास बोलायची. माझ्याकडून विरजण नेत नसे, सुई नेत असे. सुई लोखंडाची. लोखंडाला काही होत नाही, असं तिनंच मला एकदा समजावून सांगितलं, मला आनंद होईल अशा बेतानं.

बडेबाबूंची आई मात्र मनातलं मनात ठेवणारी नव्हती. म्हातारी सकाळी ओसरीवर येऊन बसली की आधी माझ्या कावळ्याला शिव्या घालायची.

"काय वो, माह्या दारापुढं कावळा पोसून राहिली. मले न्यायले बसवला काय तो?"

"त्याले स्वतःले चालता येत नाही, आजी. तुमाले कुठी नेईल?"

"तुमची काळी कोंबडी तुमालेच लखलाभ," ती म्हणायची. दवाखान्यातलं रजिस्टर कचेरीभर झालं होतं.

ती रोज बोलायची, आणि क्वार्टरांच्या ओळीतल्या दोन-तीन बायका मिळून जेवढं माझ्याशी खरं बोलत त्याहून जास्त ती एकटी बोलायची. तिच्या हातात सोन्याच्या दोन जाड पाटल्या होत्या. त्या आपल्या लेकीला द्यायच्या, असं ती दिवसाआड साऱ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. लेक शेंदूरजनाघाटला संत्र्यांच्या बागाइतदाराकडे दिलेली. सून त्या वेळी घरात भांडी जरा जोरात ठेवायची.

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारी आजारी पडली. पंधरा दिवस अंथरुणावर होती. हात सुजले म्हणून सुनेनं पाटल्या काढून ठेवल्या आणि मग हरवू नयेत म्हणून स्वतः घातल्या. म्हातारी गेली त्या दिवशी त्या सुनेच्या हातात होत्या, पदराखाली. लेक आली, रडली, पदराकडे बघितलं, पुन्हा रडली.

दहा दिवस बडेबाबूंच्या घरी सुतक. कोणी त्यांना शिवत नव्हतं, त्यांच्या घरचं पाणी पीत नव्हतं, ते कोणाच्या घरी जात नव्हते. म्हणजे दहा दिवसांपुरते ते आमच्या बरोबरीला आले होते. त्यांना ते फार जड गेलं.

दहाव्याचा दिवस रविवार होता. दुपारी दीडच्या सुमाराला बडेबाबू आमच्या दारात आले. त्या घरात आम्हाला दोन वर्षं झाली होती, पण ते आमच्या पायरीपर्यंत पहिल्यांदाच आले. डोकं भादरलेलं, धोतर अर्धवट ओलं, चेहरा उन्हानं रापलेला.

"तुमच्याइथं तो कावळा हाये ना?" त्यांनी विचारलं.

"हाये जी," हे उठून उभे राहिले.

"जरा वेळ द्या लागते. मायच्या पिंडाले कावळा शिवून राहिला नाही. सकाळपासून मोर्णेच्या काठी बसून आहोत."

पुढं कळलं ते असं. त्या दिवशी घाटावर आणखी दोन घरची दहावी होती आणि ती लवकर आटोपली होती. घाटावरचे सगळे कावळे दोन घरचं जेवून झाडावर स्वस्थ बसले होते. ही साधी गोष्ट तिथं हजर असलेल्या वीस माणसांपैकी एकालाही सुचली नाही. सगळे म्हातारीची इच्छा शोधत बसले. भटजी उन्हानं कंटाळले होते. ते म्हणाले, दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू, शास्त्रात सोय आहे. तर म्हातारीचा भाऊ, म्हणजे बडेबाबूंचे मामा, उसळले, "माही बहीण गवताच्या कावळ्यानं जाईल काय? गावात तोंड कसं दाखवू?" मग कोणालातरी आमची काळी कोंबडी आठवली.

हे भिंतीकडे बघू लागले. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही प्रतिज्ञा त्यांच्याच अक्षरात समोर होती. दारात गोपनीय शेरा उभा होता. मी माझ्या नवऱ्याला इतका विचार करताना कधी पाहिलं नव्हतं.

"न्या," शेवटी ते म्हणाले. "आमी पिंडदान करत नाही. पण कावळ्यानं काही दीक्षा घेतली नाही."

बडेबाबूंनी मान हलवली. त्यांना तो युक्तिवाद पटला असावा.

"थांबा," मी म्हणाले, आणि कावळ्याला आत नेऊन भरवलं. तो उन्हातान्हात जाणार, कधी परत येईल माहीत नाही. आमच्या घरून कोणाला उपाशी पोटी पाठवत नाहीत. पाऊण भाकर आणि वाटीभर वरण त्याच्या पोटात घातलं. त्यात माझ्या मनात काही डाव नव्हता. पण टोपलं बडेबाबूंच्या हातात दिल्यावर लक्षात आलं की आता हा चार वाजेपर्यंत चोच उघडणार नाही. मी म्हणालेही असते, पण ते घाईनं टांग्यात बसले होते.

तीनला दोन टांगे आमच्या दारासमोर उभे राहिले. बडेबाबू, त्यांची बायको, बहीण, मामा, भटजी आणि आणखी चार-पाच नातेवाईक. मामांच्या हातात टोपलं, बडेबाबूंच्या हातात पत्रावळीवर पिंड. मामांच्या बोटाला चिंधी बांधलेली होती, त्यावरून घाटावर काय झालं ते कळत होतं.

"बाई," मामा म्हणाले, "हा तर पिंडापुढं झोपते."

"त्याले टिपता येत नाही जी. भरवा लागते."

"मंग भरवा."

"कोणाच्या हातानं?" भटजींनी विचारलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. प्रश्न कावळ्याचा नव्हता, कावळ्याला जात नसते हे भटजींनी टांग्यातच सांगून ठेवलं होतं. प्रश्न मध्ये येणाऱ्या बोटांचा होता. बडेबाबूंच्या बायकोनं धावत जाऊन आपल्या घरचा चांदीचा चमचा आणला. चमचा मी धरला तर चालेल, चांदी लोखंडासारखीच, असं ठरलं.

ह्यांनी मला आत बोलावलं. "तू हात लावशील तर आपली प्रतिज्ञा मोडते."

"कावळा तुमी आणला तेव्हा मले विचारलं होतं काय? आता तो चार वाजता जेवते. त्याले मी भरवतो. लोक त्याले काय म्हनतात ते त्यायच्यापाशी."

बाहेर येऊन मी ओसरीवर बसले. कावळा मांडीजवळ. पिंडाचा भात कोरडा होता, त्याला उतरला नसता. मी आमच्या माठातलं पाणी घेऊन तो भिजवला. भटजी त्या वेळी समोरच्या झाडाकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मी चमचा पुढं केला. कावळ्यानं चमच्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

आता मी सांगू शकत होते की ह्याचं पोट भरलेलं आहे, तासाभरानं या. मी सांगितलं नाही. पाठवतानाची गोष्ट वेगळी होती. हे मात्र मी जाणूनबुजून केलं, तेवढं कबूल करते.

मामा हात जोडून कावळ्यापुढं झाले. "बाई, काय राहिलं तुझं? नातवाचं लग्न यंदाच करू."

कावळा गप्प.

"तुह्या नावानं गावच्या मंदिराले कळस देऊ."

कावळ्यानं एक डोळा मिटला. बडेबाबूंनी गाय दान करायचं कबूल केलं. कोणीतरी विहिरीचं बोललं. म्हातारीच्या जन्मात तिनं ज्यांचं नावही काढलं नव्हतं अशा वस्तू एकामागून एक निघत होत्या. जी वस्तू ती दिवसाआड ओरडून सांगत होती ती तेवढी कोणाला आठवत नव्हती. लेक भिंतीला टेकून उभी होती. ती वहिनीच्या पदराकडे बघत होती. हळूहळू सगळेच तिकडे बघू लागले.

"सूनबाई," मामा म्हणाले, "तुमी काही बोला."

बडेबाबूंच्या बायकोचा चेहरा उतरला. तिला काय करावं लागणार हे तिला कळलं होतं. तिनं पदर बाजूला केला आणि पाटली ओढू लागली. ती निघेना. म्हातारीच्या मनगटाचा सांगाडा आणि हिचा भरलेला हात, घालताना जोर केला असणार. नणंद-भावजय दोघींनी ओढून पाहिली.

"साबण पायजे," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

तिचं घर दहा पावलांवर होतं. पण एवढ्या माणसांसमोर तेवढी दहा पावलं चालत जाणं म्हणजे पाटल्या घेऊन पळणं दिसलं असतं. मी तिला आमच्या न्हाणीत नेलं. तिथं तिनं माझ्या बादलीतल्या पाण्यानं, माझ्या साबणानं, हात कोपरापर्यंत लाल होईस्तोवर चोळला. मी तांब्यानं पाणी घालत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मायनं मले कधी चांगलं म्हनलं नाही," ती एकदम म्हणाली. "वीस वर्षं केलं मी तिचं. ह्या दोन गेल्या तर काय राहिलं मले?"

मला त्या क्षणी तिची कीव आली. गोष्ट सांगायची तर हेही सांगायला हवं. पण मी तांब्या थांबवला नाही.

पाटल्या लेकीच्या हातात गेल्या. तिला त्या सैल झाल्या. मी चमचा ठेवून दिला, भाताची गोळी बोटांनी केली आणि वाट पाहिली. त्यातही बराच वेळ गेला. मामांनी आणखी एक नमस्कार घातला. चार वाजायच्या सुमाराला कावळ्यानं मान झटकली, पंख हलवला आणि रोजच्यासारखी चोच उघडली. मी गोळी आत सारली. त्यानं गिळली, आणि दुसरीसाठी पुन्हा उघडली.

"शिवला," भटजी म्हणाले आणि निघालेच.

सगळे रडले. मामांनी कावळ्याला वाकून नमस्कार केला. मग सगळे आपापल्या घरी आंघोळीला गेले. बडेबाबूंच्या बायकोनं आमच्या न्हाणीत अर्धा हात धुतला होता, म्हणून तिनं दोनदा केली, हे भिंतीपलीकडच्या आवाजावरून कळलं.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. पाटल्या माझ्या कावळ्यानं नेल्या असं ती सगळ्यांना सांगायची, आणि मी त्याला शिकवलं होतं असंही. बडेबाबूंनी त्या वर्षी ह्यांच्या शेऱ्यात 'समाधानकारक' लिहिलं. आधीच्या वर्षी 'उत्तम' होतं. लेकीनं मात्र पुढच्या हंगामात पेटीभर संत्री पाठवली, आणि निरोप पाठवला की पेटी परत नको.

पितृपक्षात आमच्या दाराशी माणसं येऊ लागली. जठारपेठेतून, पार स्टेशनाकडून. ह्यांनी पाटीवर खडूनं लिहून लावलं, 'येथे कावळा मिळणार नाही.' लोक ती वाचायचे आणि विचारायचे, "मंग केव्हा मिळन?"

आमच्या समाजाच्या वस्तीतल्या सभेतही हा विषय निघाला. चार वडीलधारे बसले होते. एकानं विचारलं, "तुमच्या ओसरीवर पिंड पडला, हे खरं काय?" हे खाली मान घालून बसले. मी मागून उठून सांगितलं, "मी माह्या पाखराले चार वाजता खाऊ घातलं. त्यात बाकीच्यायले माय दिसली, त्याले मी काय करू?" काही लोक हसले, काही हसले नाहीत. पुढं असं होऊ देऊ नका, एवढ्यावर सुटलो.

आठ दिवसांनी त्याच सभेतल्या एका वडीलधाऱ्यांची बायको आमच्याकडे आली. बाई माझ्या आईच्या वयाची. इकडचं तिकडचं बोलली, चहा प्याली. मग पदराच्या गाठीतून भाकरीचा तुकडा काढला.

"आपन आता ते काही मानत नाही, मले मालूम हाये," ती म्हणाली. "पण सासू सपनात येते. उपाशी दिसते. उभ्या जन्मात तिनं पोटभर खाल्लं नव्हतं. घरी सांगशील नोको."

मी आतून वरण आणलं. तिनं आणलेली भाकर वरणात कुस्करली, गोळ्या केल्या आणि तिला भरवायला शिकवलं. कावळ्यानं माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं बोट घेतलं ते तेवढंच. सहा गोळ्या खाल्ल्या. कदाचित भूक लागली असेल. मग ती बाई हात धुऊन गेली. ही गोष्ट मी ह्यांना अजून सांगितलेली नाही.

दोन वर्षांनी ह्यांची बदली अमरावतीला झाली. कावळा टोपल्यात, मुलगी मांडीवर, असे आम्ही एस.टी.नं गेलो. अमरावतीला नवी कचेरी, नवे शेजारी, आणि कावळा कशाला पाळला हे पुन्हा पहिल्यापासून सांगणं आलं. मी सांगायचे की पडलेला सापडला. बाकीचं सांगत नसे.

तो तिथं तीन वर्षं जगला. थंडीच्या एका सकाळी मी टोपलं उचललं तेव्हा तो कुशीवर पडला होता, त्या लुळ्या बाजूला. हे दाढी करत होते. त्यांनी येऊन बघितलं, फेस तसाच गालावर. मग परसात खड्डा केला, वर दगड ठेवला, आणि कचेरीत अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज पाठवला. कारणात लिहिलं, 'घरातील पक्षी मृत.' खोटं लिहायला त्यांना तेव्हाही जमलं नाही. तासाभरानं चपराशी अर्ज परत घेऊन आला. वर लाल शाईत शेरा होता, सदर कारण नियमात बसत नाही, ताबडतोब हजर व्हावे.

ह्यांनी तो शेरा दोनदा वाचला. वरिष्ठांनी बोलावलं आणि हे गेले नाहीत असं आमच्या संसारात कधी झालं नव्हतं. त्यांनी अर्जाची घडी करून खिशात ठेवली, चपराशाला चहा दिला आणि त्याला सांगितलं, "सांग, उद्या येतो म्हणावं."

मग पाय लांब करून ओसरीवर बसले ते संध्याकाळपर्यंत.